परशराम अण्णांचा कोरा रकाना

परशराम अण्णांचा फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लावला तेव्हा मला आमंत्रण आलं होतं. मी गेले नाही. पुढं एकदा पुस्तक बदलायला गेले तेव्हा बघितला. खाली 'निर्भीड संपादक' अशी पाटी, वर चंदनाचा हार, आणि फोटोवाल्यानं हात फिरवून चेहरा अगदी शांत करून टाकलेला. अण्णा आणि शांत! घास गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ तो माणूस गप्प असायचा. आणि हार घालायला जे पुढं पुढं करत होते म्हणे, त्यांतले काहीजण एके काळी त्याच माणसाच्या छापखान्यावर दगड घेऊन आले होते. मी माझ्या खिडकीतून बघितलंय. ते त्या पाटीवर लिहिलेलं नाही.

म्हणून हे लिहायला बसले आहे. मला राग आला आहे, आणि रागावून लिहिलेलं अण्णांना आवडायचं. फक्त म्हणायचे, "बाई, रागावून लिवा, पन खाली सही करा."

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. घरात मी आणि माझी आई. समोर, गल्लीच्या तोंडाला, पत्र्याच्या छपराखाली अण्णांचा छापखाना. त्यात पायानं मारायचं एक ट्रेडल मशीन, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या लाकडी पेट्या, ते खिळे जुळवणारा जुळारी शिद्राम, आणि एक हात मोडलेली खुर्ची. त्या खुर्चीतून दर आठवड्याला 'हलगी' नावाचं साप्ताहिक निघायचं. शाळा सुटली की मी तिथं जाऊन प्रुफं तपासायचे. बाईमाणूस छापखान्यात जाऊन बसतं म्हणून गल्लीत कुजबुज झाली, तेव्हा अण्णांनी रस्त्यावर उभं राहून विचारलं होतं, "कोन म्हनतंय? सगळे म्हनत्यात? सगळे म्हंजे कोन? एक नाव सांगा!" एकही नाव आलं नाही आणि कुजबुज बंद पडली.

"सगळे म्हंजे कोन? एक नाव सांगा." हे त्यांचं पालुपद. बातमीदार असो, पुढारी असो की भाजीवाली, कुणी "लोक असं म्हणतात" एवढं म्हणायचा अवकाश, अण्णा चष्मा कपाळावर चढवून हेच विचारणार. छापण्यातलं त्यांचं मराठी अगदी पुस्तकी, समासांनी भरलेलं. तोंडचं मात्र बेळगावजवळच्या उचगावचं. शेतकऱ्याच्या घरातलं हे पोर मॅट्रिक होऊन कचेरीत कारकून झालं. एकदा साहेबानं अंगावर फाइल भिरकावली. अण्णांनी ती उचलली, तिच्यातले कागद नीट सरळ केले, साहेबाच्या टेबलावर ठेवली, डोक्यावर टोपी घातली आणि घरी आले ते परत गेलेच नाहीत. भावांनी शेताचा त्यांचा वाटा वेगळा करून दिला आणि तो विकून हा छापखाना उभा राहिला. तरी पेरणीच्या दिवसांत अण्णा भावांच्या शेतावर उचगावला जायचेच, आणि तिकडून आले की नखांतली माती आणि शाई वेगळी ओळखू यायची नाही.

साप्ताहिकाला 'हलगी' नाव का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "गावात हलगीवाला काय करतो? सांगायचं ते समद्या गल्ल्यांनी फिरून सांगतो. आपल्या पदरचं घालत न्हाय, आनि पाटलाला आवडत न्हाय म्हनून गाळत बी न्हाय."

पण ते गाळायचे. आणि काय गाळायचं याबद्दल त्यांचं डोकं इतकं पक्कं होतं की भलेभले वैतागायचे. ताकदीच्या गोळ्यांच्या आणि गुप्त रोगांच्या औषधांच्या जाहिराती तेव्हा सगळ्या पत्रांत असत, त्यावरच पत्रं चालत. अण्णांकडं त्या आल्या की चुलीत जात. उलट त्यांना स्वतःला शिव्या देणारं पत्र आलं की ते पहिल्या पानावर! एकानं लिहिलं होतं, 'परशराम हा उचगावचा गाढव असून बेळगावात संपादक म्हणून चरतो.' अण्णांनी ते जसंच्या तसं छापलं. मी चिडले. तर मलाच समजावतात, "बाई, मला शिव्या द्यायला पूर्ण मुभा हाय. माझ्याकडं पेपर हाय, मी फुडच्या आठवड्याला फेडीन. सायबालाबी द्या, त्याच्याकडं फौज हाय. ज्याच्याकडं उत्तर द्यायला काय बी न्हाय, त्याच्याबद्दल मातूर जपून." या एका वाक्यात त्यांचं सगळं धोरण आलं. मोठमोठ्या सभांत या विषयावर मी पुष्कळ भाषणं ऐकली, पण याच्या पुढचं काही ऐकलं नाही.

मग दुसरी मोठी लढाई आली. अंक छापण्याआधी प्रुफं कचेरीत दाखवून आणायचा हुकूम निघाला. तिथं एक साहेब बसत. आपलेच, मराठी बोलणारे, कपाळाला गंध लावणारे. गाव त्यांना कात्रीसाहेब म्हणे. गावोगावच्या धरपकडीच्या, लाठीच्या, धान्य दडवल्याच्या बातम्या ते लाल पेन्सिलीनं मारून पाठवत. बाकीचे संपादक त्या जागी काहीतरी भरून टाकत. अण्णांनी भरलं नाही. वर मथळा तसाच ठेवायचा आणि खालची जागा कोरी. मथळ्याला हरकत घेतलेली नसायची, आणि कोऱ्या जागेला काय हरकत घेणार?

साहेबांनी बोलावून घेतलं. "जागा कोरी कशाला सोडता? लोकांचा गैरसमज होतो. तिथं दुसरं काही छापा. सुविचार छापा. लोणच्याची कृती छापा."

अण्णांनी अंक त्यांच्यापुढं सरकवला. म्हणाले, "सायेब, ह्या कोऱ्या जागेत काय गुन्हा लिवलाय तेवढा वाचून दावा. मी हितंच सही करून देतो."

साहेबांनी म्हणे तो कागद उलटून मागची बाजूही तपासली. ही हकीकत संध्याकाळपर्यंत सगळ्या बेळगावात झाली, कारण ती अण्णांनी स्वतःच न्हाव्याच्या दुकानात बसून सांगितली होती.

त्या दिवसापासून 'हलगी' कोऱ्या जागेसाठी खपू लागली. अंक हातात पडला की लोक आधी कोरं कुठं आहे ते बघत. "या खेपेला किती खोडलंय?" ही चौकशी. निपाणीला सर्व्हिस मोटारीनं गठ्ठा गेला की तंबाखूच्या वखारीतून माणसं यायची. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही यायचे, कारण कोरं सगळ्यांना वाचता येतं. मथळा एकानं वाचायचा आणि खालचं बाकीच्यांनी मनानं रचायचं. आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं, कारण तेव्हा सरकार कापायचं ते खरंच असायचं. पुढं एका गावात पोलिसांनी बायकांना मारल्याची हकीकत अण्णांनी प्रूफ न दाखवताच छापली आणि हिंडलग्याच्या तुरुंगात गेले. सुटून आले तेव्हा गावातल्या एका मोठ्या वकीलसाहेबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि बैलगाडीतून मिरवणूक काढली. अण्णा गाडीत उभे, गालफडं बसलेली, आणि हार घालणाऱ्यांवरच ओरडत होते की बैलांना पाणी दाखवलंय का.

आता बाळव्वाचं सांगते. ते सांगायचं नसतं तर मी लेखणी उचललीच नसती.

बाळव्वा वडगावची. नवरा कोष्टी होता, तो गेला. लढाईत सूत मिळेना म्हणून घरातला माग बंद पडला, तेव्हा डोक्यावर टोपली घेऊन चुरमुरे विकू लागली. घरात कानडी, त्यामुळं तिचं मराठीही कानडीच्या अंगानं जायचं. मूलबाळ नव्हतं. कुणाचंही पोर मागं लागलं की मूठभर चुरमुरे त्याच्या हातावर ठेवायची. त्यात तिचा फायदा काय व्हायचा देव जाणे. आपण काही म्हटलं की हात झटकून म्हणायची, "होगली बिड्री," म्हणजे जाऊ दे सोडा. पाऊस लागला, होगली बिड्री. गिऱ्हाइकानं फसवलं, होगली बिड्री.

अंक निघायच्या दिवशी ती छापखान्यात यायची. मशीनवर खराब झालेले कागद शिद्राम तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा, चुरमुरे बांधायला. कोऱ्या रकान्याचे कागद दिसले की खूश.

"ह्यो कागूद चांगला वो, अण्णा. चुरमुऱ्याला शाई लागत न्हाय."

"सरकारनं तुझ्यासाठीच कापून ठेवलंय, बाळव्वा," अण्णा म्हणायचे. सबंध आठवड्यात ते एकदाच हसायचे, ते तिच्याशी.

लढाई संपत आली होती त्या साली निपाणीच्या सडकेवर, बेळगावपासून थोड्या अंतरावर, लष्करी लॉऱ्यांसाठी ओढ्यावर नवा पूल बांधायचं काम निघालं. मजुरांची वस्ती पडली, तशी बाळव्वा तिकडंही चुरमुरे घेऊन जाऊ लागली. आपल्याकडं जुनी समजूत आहे, पुलाच्या पायात मूल द्यावं लागतं, नाहीतर पूल उभा राहत नाही. मजुराचं एक पोर तापानं गेलं आणि कुणीतरी म्हणालं, ते तापानं गेलं नाही. मग दुसरं कुणीतरी म्हणालं, ती चुरमुरेवाली पोरांना नादी लावून पुलाकडं नेते. झालं. आसपासच्या गावांतल्या बायका संध्याकाळी पोरांना घरात कोंडू लागल्या.

तिथल्याच एका गावचे शाळामास्तर 'हलगी'चे बातमीदार होते. मी स्वतः शिक्षक आहे, त्यामुळं या माणसाबद्दल लिहिताना मला लाज वाटते. त्यांनी सविस्तर बातमी पाठवली. 'नव्या पुलाच्या पायात काय आहे?' हा मथळा. खाली, मुलं धरणारी टोळी असल्याचं सर्वत्र बोललं जातं, वडगावची एक कानडी बोलणारी चुरमुरेवाली त्यांना सामील आहे, वगैरे वगैरे. अण्णा पेरणीसाठी उचगावला गेले होते. नेहमीच्या बातमीदाराची बातमी म्हणून शिद्रामनं खिळे जुळवले आणि नेहमीप्रमाणं प्रूफ कचेरीत नेलं. कात्रीसाहेबांनी त्यावर मंजुरीचा शिक्का मारून परत पाठवलं! सरकारविरुद्ध त्यात शब्द नव्हता ना. एका बाईविरुद्ध होता, तो चालतो.

मी शाळेतून आले तेव्हा अण्णा उचगावहून नुकतेच येऊन ते प्रूफ वाचत होते. वाचून झालं आणि त्यांनी दगडी पाट्यावरचा तो जुळवलेला मजकूर दोन्ही हातांनी उलथा केला. खिळे छापखानाभर उधळले. शिद्राम भिंतीला चिकटून उभा राहिला.

"ही बाळव्वा हाय, बाळव्वा! 'सर्वत्र बोलले जाते'! सर्वत्र म्हंजे कोन? त्या मास्तरड्याला एक नाव सांगाय येत न्हाय?"

ओरडून झाल्यावर ते शिद्रामला म्हणाले, "मथळा ऱ्हाऊ दे. खालचं कोरं सोड."

मी म्हटलं, "अण्णा, मथळाही काढा. लोक काय समजतील?"

"बाई, सरकारनं कापलं की मी जागा दावतो. मी कापलं की झाकू? मग त्या कात्रीवाल्यात आनि माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

"मग निदान खाली एक ओळ घाला. ही अफवा खोटी आहे म्हणून."

"न्हाय. खोटं हाय म्हनून सांगायचं तर आदी काय खोटं हाय ते सांगावं लागतंय. ज्यानं ऐकलं न्हाय त्याच्याबी कानात जाईल. माझ्या पेपरात त्या बाईबद्दल एक अक्षर येनार न्हाय. एक बी न्हाय."

दोन्ही उत्तरं बिनतोड होती. आजसुद्धा मला त्यांत खोट काढता येत नाही, आणि माझा जीव जळतो तो त्यामुळंच. फक्त एक गोष्ट त्या रागाच्या भरात ते विसरले. कोऱ्या जागेचा अर्थ काय, हे त्यांनी स्वतःच सगळ्या मुलखाला शिकवून ठेवलं होतं.

कागद न्यायला बाळव्वा आली तेव्हा त्यांनी तिला बजावलं, "थोडे दीस पुलाकडं जाऊ नगं. लोक येड्यागत बोलाय लागल्यात." ती हसली. "पोरं वाट बगत्यात वो, अण्णा. होगली बिड्री," म्हणाली, आणि कागदांचा गठ्ठा टोपलीत घालून गेली.

अंक बाहेर पडला. आपली बातमी या आठवड्याला येणार, हे मास्तरांनी गावभर सांगून ठेवलंच होतं. शाळेत जाताना न्हाव्याच्या दुकानापुढं मीच ऐकलं. एकजण मथळा वाचून दाखवत होता आणि दुसरा म्हणत होता, "बघा, खोडलं का न्हाय सरकारनं? खरं असल्याबिगार खोडतंय व्हय?" मी तिथं थांबून सांगितलं की हे सरकारनं खोडलेलं नाही. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच कचेरीतून पगार घेते.

पुलाजवळच्या गावात बाजाराचा दिवस होता. बाळव्वा पोरांच्या घोळक्यात बसली होती. पुढचं आम्हाला तिथल्या एका मजूर बाईनं येऊन सांगितलं. माणसं जमली. कुणीतरी विचारलं, हिनं केलंय कशावरून? तेव्हा एकानं 'हलगी'चा अंक डोक्यावर धरला आणि तो कोरा रकाना बोटानं ठोकत ओरडला, "ह्यात लिवलंय!"

ह्यात लिवलंय. वाचता येणारी माणसंही होती त्या जमावात. बाजाराला आलेली, कपाळाला बुक्का लावलेली, घरी लेकरंबाळं असलेली. त्यांनी एका बाईला दगडांनी आणि गाडीच्या जुवाच्या लाकडी शिवळांनी मारलं आणि मग बाजार करून घरी गेली.

तिला गाडीत घालून इस्पितळात आणलं. अण्णा आणि मी गेलो. तिचं तोंड ओळखू येत नव्हतं, पण आवाज तोच होता.

"अण्णा, तुमच्या पेपरात माझं काय लिवलंतं वो?"

"काय बी लिवलं न्हवतं, बाळव्वा."

तिनं अण्णांकडं मान वळवली. मग म्हणाली, "मग मला का मारलं वो?"

ज्या माणसाला मी कधी शब्दासाठी अडलेलं बघितलं नव्हतं, तो खाटेची कड धरून उभा राहिला. मी वाट बघत होते की ती होगली बिड्री म्हणेल. ती म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

अण्णा तडक कचेरीत गेले. "मला धरा," म्हणाले. "त्यो रकाना मी कोरा केलाय. तुमी मंजूर केलतं, मी काढलं आनि जागा मोकळी सोडली. लोकांनी माझा पेपर दावून बाई मारली."

कात्रीसाहेबांनी अंक काढला, पुढं ठेवला आणि म्हणाले, "या कोऱ्या जागेत काय गुन्हा लिहिलाय, तेवढा वाचून दाखवता का?"

त्या माणसानं ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं होतं! वर उपदेशही केला की, आता तरी पटलं ना, छपाईवर सरकारचा हात का लागतो ते. तुम्ही तसं लिहा, सरकार तुमची कदर करील. अण्णा टेबलावर मूठ आपटून काय म्हणाले, ते बाहेरच्या पट्टेवाल्यानं आम्हाला सांगितलं. "तुमच्या हातानंच ही बाई मेली, सायेब! तुमी खरं तेवढं कापत गेला म्हनून लोकांनी मोकळ्या जागेवर इस्वास ठेवला. आनि खोटं आलं तवा तुमी शिक्का मारला. माझी चूक मी भोगतो. तुमची कोन भोगनार?" पट्टेवाल्यानं त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

तेवढ्यानं झालं नाही. ते कबुलीचा अंक काढणार असं कळलं, तशी मोठे वकील छापखान्यात आले. हार घालणारे तेच. खुर्ची पुसून बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "अण्णा, झालं ते वाईट झालं. पण तो रकाना तुम्ही काढला हे छापू नका. लोकांचा सरकारवरचा राग आज आपल्या कामाचा आहे. कोऱ्या जागेवरचा विश्वास उडाला तर उद्या खऱ्या बातमीचं काय?"

हे बोलणंही बिनतोड होतं, बघा. या सगळ्या प्रकरणात बिनतोड बोलणाऱ्यांचीच गर्दी होती. वेडंवाकडं बोलणारी एकच, ती इस्पितळात मरून गेली होती.

अण्णा म्हणाले, "मग काय लिवू, वकीलसायेब? बाई स्वराज्याच्या कामी आली म्हनून लिवू? उठा त्या खुर्चीतनं."

अंक निघाला. पहिल्या पानावर, 'तो रकाना मी कोरा केला'. त्यात बाळव्वाचं नाव होतं, ती कोण, कुठली, पोरांना चुरमुरे का द्यायची, सगळं होतं. ज्या बाईबद्दल एक अक्षर छापायचं नाही म्हणाले होते, तिच्याबद्दल सबंध पान लिहिलं. आणि खाली, 'माझ्या मौनाचा अर्थ काय होईल हे मी ओळखायला हवे होते. ओळखले नाही. परशराम.'

त्याच संध्याकाळी छापखान्यापुढं गर्दी जमली. "सरकारचा कुत्रा," कुणी म्हणालं, आणि दगड आले. खिळ्यांच्या पेट्या गटारात उलथ्या केल्या. पोलीस आले ते सगळं संपल्यावर. अण्णा दारात उभे होते, कपाळातून रक्त, आणि ओरडत होते, "सगळे म्हंजे कोन? एक नाव सांगा! कोन म्हनतंय मी इकला गेलो? एकानं फुडं या!" कुणी पुढं आलं नाही. गर्दीतून पुढं यायचं नसतं, हेच तर गर्दीत जाण्याचं सुख. बाळव्वाच्या खुनाच्या खटल्यातही तेच झालं. साक्षीला जो उभा राहिला त्यानं "सगळ्यांनी मारलं" एवढंच सांगितलं, आणि सगळ्यांनी मारलं म्हणजे कुणीच मारलं नाही.

गटारातून खिळे वेचायला शिद्राम, अण्णा आणि मी बसलो. 'हलगी' पुन्हा निघाली, पण रीत बदलली. सरकारनं काही कापलं की त्या जागी, 'हे सरकारने काढले'. स्वतः काही काढलं की, 'हे मी काढले', खाली कारण, खाली सही. कात्रीसाहेबांनी एवढ्यासाठीही छळलं, आणि वर्गणीदार गळत गेले ते वेगळंच. उघड सांगितलेलं लोकांना नको होतं. त्यांना कोरं हवं होतं, मनासारखं भरायला. बाळव्वासाठी ठेवायचे ते खराब कागद अण्णा कुणाला देईनात. छापखान्याच्या कोपऱ्यात त्यांची थप्पी चढत गेली.

माझी बदली खानापूरला झाली आणि जाणंयेणं कमी झालं. शेवटचं त्यांना बघितलं ते स्वातंत्र्याच्या दिवशी. मुद्दाम बेळगावला आले होते. सकाळी मैदानात झेंडा लागला, गाणी झाली, मग भाषणं. अध्यक्ष अर्थातच मोठे वकील. त्यांनी मुद्रणाच्या स्वातंत्र्यावर फार सुंदर भाषण केलं, आजपासून कुणाची कात्री नाही म्हणाले, आणि मग अण्णांना व्यासपीठावर बोलावून हिंडलग्याच्या या बंदिवानाचा सत्कार केला. त्या बाईचं नाव नाही. मी बायकांच्या घोळक्यात बसून दात आवळत होते.

अण्णा खूप थकले होते. हार गळ्यात तसाच, आणि त्याच्या वासानं शिंका आवरत होते. लोक म्हणाले, दोन शब्द बोला. ते पुढं आले. त्यांचा आवाज आता बसला होता, पहिल्या काही रांगांपलीकडं जात नव्हता.

ते म्हणाले, "बाळव्वाला मारली तवा ज्यांच्या हातात माझा पेपर होता, त्यांनी हात वर करा."

वकील खुर्चीत पुढं सरकले. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका तोंडाकडं बघू लागले. एकही हात हलला नाही.

मग त्यांनी स्वतःचा हात वर केला.

मागं मैदानभर पसरलेल्या माणसांना काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांना दिसला तो फक्त वर गेलेला हात. त्यांना वाटलं, अण्णा घोषणा द्यायला सांगताहेत. सगळं मैदान एका आवाजानं जयजयकार करत उठलं, टोप्या उडाल्या, माझ्या शेजारच्या बायकासुद्धा ओरडू लागल्या. मी उठून सांगायला गेले, तर कुणी ऐकेना. अण्णा तसेच उभे होते, हात वर करून, आणखी कुणाचा तरी हात वर येईल म्हणून वाट बघत.